चौथा टवका

मित्रांनो, मी एक जुनी काचेची गोटी आहे आणि माझ्या अंगावर चार टवके उडालेले आहेत. पहिले तीन खेळताना उडाले, त्यांचं मला काही वाटत नाही. चौथ्याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी.

हिरवी काच वितळवून मला एका कारखान्यात घडवलं. चार-पाच वर्षं मुलांच्या खिशांत गेली आणि मग एका बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात मी हरवले. फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रीने ती वाळू चाळली, तेव्हा मी चाळणीत वर राहिले. त्याने मला बाजूला टाकलं ते नेमकं बाथरूमच्या नव्या फरशीवर. मी घरंगळत कोपऱ्यातल्या, पाणी वाहून जायच्या जाळीपाशी जाऊन थांबले. मिस्त्री बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मला धुऊन खिशात घातलं.

तेव्हापासून माझं काम ठरलं. बाथरूमची फरशी बसून पक्की झाली की मिस्त्री मला दाराशी ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. मी जाळीपर्यंत गेले तर उतार बरोबर. वाटेत रेंगाळले तर तेवढ्या फरशा काढून पुन्हा बसवायच्या. मिस्त्री या वयात गोट्या खेळतो म्हणून लोक हसायचे, पण त्याच्या कामात पाणी साचल्याची तक्रार सतरा वर्षांत आली नाही. मी गोल आहे, कुणाची बाजू घेणं मला जमतच नाही. मिस्त्रीला माझं हेच आवडायचं.

पुढे त्याने पातळी मोजायला भिंतीवर लाल रेघ पाडणारं यंत्र आणलं. दिवसाचं काम तासात होऊ लागलं. मी हत्यारांच्या पेटीत तळाला गेले, मोडक्या थापीच्या शेजारी. दोन वर्षं कुणी विचारलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

त्या पेटीतूनच मी एका नव्या घरात गेले. घर एका नर्सताईंचं होतं. त्यांचे वडील जुन्या घरी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडले होते आणि खुब्याचं हाड मोडून बसले होते. आता ते वॉकर धरून चालत. म्हणून या बाथरूमला उंबरा नकोच, असं ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. उंबरा नाही म्हणजे पाणी आत ठेवायला फक्त उतार, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं.

फरशी बसवायच्या आदल्या दिवशी यंत्र स्टुलावरून पडलं. मिस्त्रीने धूळ पुसली, रेघ दिसतेय एवढंच पाहिलं, ती सरळ पडतेय का हे तपासलं नाही आणि कुणाला काही बोलला नाही.

काम संपल्यावर ताई कागदी चिकटपट्टी घेऊन खोली न् खोली फिरल्या. चूक दिसेल तिथे एक तुकडा चिकटवला: घासणारं दार, भिंतीवरचा रंगाचा ओघळ, ओट्यामागची तिरकी टाइल. सगळं मुकाट्याने नीट झालं. उरला तो बाथरूमच्या दारातला तुकडा. ताईंनी आत बादलीभर पाणी ओतलं होतं आणि ते बाहेर आलं होतं. एकदम ओतलं की येणारच, उतार यंत्राने मोजलाय, असं मिस्त्री ठासून सांगत राहिला. ताईंनी वाद घातला नाही.

"मिस्त्री, बाबा पुन्हा पडले तर उठायचे नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या आणि कामावर गेल्या.

मिस्त्रीने पेटी उपसली, मला शर्टाला पुसलं आणि जाळीजवळ ठेवलं. उतार बरोबर असता तर मी तिथेच बसून राहिले असते. मला बसून राहायचंच होतं. सतरा वर्षं ज्याच्या खिशात काढली, त्याला तोंडघशी पाडायला कुणाला आवडेल? पण मी हलले. दारातून बाहेर पडले आणि घर बघायला आलेले बाबा वॉकर टेकत येत होते, त्यांच्या पावलापुढे जाऊन थांबले.

मिस्त्रीने धावत येऊन त्यांचा दंड धरला.

"गोटीच्या जागी पाणी असतं, तर मला दिसलंही नसतं," बाबा शांतपणे म्हणाले.

"काका, यंत्र पडलं होतं. मी लपवलं," मिस्त्री म्हणाला. "फोडतो सगळं."

ताई संध्याकाळी आल्या तेव्हा त्याने त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी आठ दिवस थांबायचं कबूल केलं. मिस्त्रीने छिन्नीने स्वतःचंच काम फोडलं. नव्या फरशा बसवताना दर ओळीला तो मला विचारत होता.

शेवटच्या दिवशी बाबांनी मला मागून घेतलं. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून दारात उभ्यानेच त्यांनी मला सोडलं. तोच हा चौथा टवका. दुखलं, पण मी उसळत, घरंगळत थेट जाळीवर जाऊन बसले. बाबा माझ्यामागून वॉकर टेकत आत गेले. मिस्त्रीने धरायला पुढे केलेला हात त्यांनी हसून परत पाठवला.

मित्रांनो, नवी यंत्रं खुशाल घ्या. फक्त ती पडली तर लपवू नका. आणि आपलं काम कुणाच्या हाती देण्याआधी एकदा खाली वाकून बघा. ज्यांना वाकता येत नाही, त्यांच्यासाठी तेवढं कुणीतरी करायला हवं.