लाल उजेडातल्या कोंबड्या

पोल्ट्रीच्या दारात सकाळपासून माणूस माणसाला खेटून उभा होता. आत कोंबड्या गुपचूप दाणे टिपत होत्या, आणि हाच चमत्कार होता. आठवड्यापूर्वी ह्याच कोंबड्या एकमेकींना टोचून मारत होत्या. एकीच्या अंगावर रक्त दिसलं की बाकीच्या तिच्यावर तुटून पडायच्या.

"रक्ताला चटावलेला आत्मा होता," मांत्रिक बाबा खुर्चीवरून सांगत होते. "आम्ही म्हटलं, बाळा, नीघ. ऐकेना. मग जरा आवाज चढवावा लागला."

लोकांनी हात जोडले. आत्या मात्र कुंपणाबाहेर उभी होती. पोल्ट्रीवाल्याची ती थोरली बहीण. नवरा वारल्यापासून भावाकडे राहायची, कोंबड्यांचं दाणापाणी तीच बघायची. बाबांनी आल्या आल्या सांगितलं होतं, "दाणे टाकणारा हात अपशकुनी आहे." तेव्हापासून तिला आत मज्जाव होता. भावजय तिच्या हातचा चहासुद्धा घेईना. सगळ्यात वाईट म्हणजे आता तिचं तिलाच खरं वाटायला लागलं होतं. भाची मांडीवर येऊन बसली की ती तिला हळूच खाली उतरवायची.

बाबांचे उपाय तीन. खिडक्यांना आणि दिव्यांना लाल कापड, मंतरलेलं पाणी, आणि दर चार कोंबड्यांतली एक आत्म्याच्या नावानं सोडायची. सोडलेल्या कोंबड्या बाबांच्याच टेम्पोतून कुठे जातात, हे कुणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाई लस टोचायला आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याच्या भांड्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट आहे."

"मंत्राला चव असते, बाई," बाबा म्हणाले.

"असते. मिठाची." त्या पोल्ट्रीवाल्याकडे वळल्या. "खाद्य बदललंत का?"

तो चाचरला. "नवा माणूस स्वस्तात देतो."

"त्यात मीठच नसणार. शेजारच्या पोल्ट्रीतही तेच खाद्य, आणि तिथेही हाच प्रकार चाललाय. तिथे ह्या आत्या कधी गेल्या होत्या?"

पोल्ट्रीवाल्यानं कुंपणाकडे पाहिलं.

"शरीरात मीठ कमी पडलं की कोंबडी रक्ताच्या चवीमागे लागते. त्यात तुम्ही दाटीवाटीनं कोंबल्यात, पंखे बंद, डोक्यावर भगभगीत दिवे. कुठलाही जीव पिसाळेल. बाबांनी मीठ पाजलं आणि गर्दी कमी केली."

"आणि लाल कापड?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी एका कोपऱ्यातलं कापड ओढून काढलं. पांढरा उजेड पडला, आणि पाठीवर ओली जखम असलेल्या कोंबडीकडे चार-पाच चोची वळल्या. बाईंनी तिला चटकन उचलून घेतलं.

"पाहिलंत? आत्मा परतला," बाबा म्हणाले.

बाईंनी कापड पुन्हा लावलं. चोची दाण्यांकडे वळल्या. "लाल उजेडात रक्त उठून दिसत नाही, एवढंच. कापडानं जात असेल तर आत्म्याला मांत्रिक कशाला, शिंपी पुरे. हे सगळे पोल्ट्रीतले जुनेच उपाय. बाबा, आधी कुठल्या पोल्ट्रीत कामाला होतात?"

बाबा टेम्पोकडे निघाले. त्यांना कुणी अडवलं नाही. इतका वेळ हात जोडून उभं राहिल्यावर आता अडवायचं तरी कुठल्या तोंडानं?

भाऊ कुंपणाशी आला. "ताई, झालं गेलं सोडून दे. चल आत."

आत्याला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की रडू फुटेल. रडू आलं नाही.

"कोंबड्या का बिघडल्या ते कळलं तुला," ती म्हणाली. "तुम्ही का बिघडलात? तुमच्या जेवणात काय कमी होतं?"

"मी घाबरलो होतो गं."

"मीही घाबरले होते. स्वतःला." तिनं गर्दीकडे पाहिलं. "त्या बाबानं माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा तुमच्यातल्या एकानं नुसतं 'कशावरून?' म्हणायचं होतं. त्यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही. पुढच्या वेळी कुणाकडे असं बोट दाखवलं, तर आधी विचारा. हात नंतर जोडा."

मग ती घरात गेली आणि आपले कपडे पिशवीत भरायला लागली. भावजय दारात उभी राहून चहा टाकू का विचारत होती. आत्यानं मान वर केली नाही.