माझ्या पोटातला खड्डा

मित्रांनो, मी एक जुना धारेचा दगड आहे. लांबीला वीतभर, रुंदीला चार बोटे. आता सपाट दिसतो, पण परवापरवापर्यंत माझ्या पोटात खड्डा होता. त्या खड्ड्यापायी एका घरात काय काय झाले, ते तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म डोंगरातला. तिथून मला पहारीने उचकटून काढले, कापले, पाण्यात घासून गुळगुळीत केले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला घाव पुष्कळ मिळाले, देवपण काही आले नाही. मी गेलो एका बूट शिवणाऱ्याच्या दुकानात. त्याचे मला वाईट वाटत नाही. देवापुढे लोक हात जोडतात, मला निदान हातात घेत.

दुकान म्हणजे पुढे एक खोली, मागे राहायची एक खोली आणि मध्ये पडदा. मालक ते काका, आणि बुटांचे शिवणकाम करणाऱ्या त्यांच्या पत्नी त्या काकू. सगळी गल्ली त्यांना याच नावांनी हाक मारी. काका साधे बूट करत नसत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, अशांच्या मापाचे बूट ते करत. त्यासाठी चामड्याचे थरावर थर चढवायचे आणि प्रत्येक थराची कड कागदासारखी पातळ तासायची. ते काम रापीचे. रापी म्हणजे चामडे कापायची रुंद पात्याची सुरी, आणि तिला धार लावणारा मी.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी काका मला ओल्या फडक्यातून बाहेर काढत, बाकावर ठेवत आणि माझ्यावर रापी फिरवत. त्या वेळी घरात कोणी बोलायचे नाही, भांडेसुद्धा वाजवायचे नाही. का, ते काकांनी कधी सांगितले नाही. गिऱ्हाइके म्हणत, "काकांच्या रापीखाली चामडं लोण्यासारखं कापलं जातं." काका मला तळहाताच्या फोडासारखे जपत. एकदा काकूंनी आपली कात्री माझ्यावर घासली, तर काका दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. "माझ्या दगडाला हात लावायचा नाही," एवढेच म्हणाले. मीही तेव्हा फुशारलो होतो. आता त्याची लाज वाटते.

कारण काका रापी नेहमी माझ्या मधोमध फिरवत. बत्तीस वर्षांत मी मध्ये झिजलो आणि टोकांना उंच राहिलो. खड्डा जसा हळूहळू पडला, तसे काकांचे मनगटही हळूहळू वळत गेले. खड्ड्यात शिरताना जरा खाली, बाहेर येताना जरा वर. त्यांना ते नकळत जमे. मला वाटे, आमची काय छान जोडी जमली आहे. खरे तर मी एकाच माणसाच्या हातापुरता होऊन बसलो होतो.

मग एका सकाळी काकांच्या हातातून रापी गळून पडली. उजवी बाजू लुळी झाली, तोंड वाकडे झाले. दवाखान्यातून परत आले ते मागच्या खोलीतल्या खाटेवर. बोलताना एकेक शब्द ओढून काढावा लागे. उजवा हात पांघरुणावर ठेवला की तिथेच राही.

बाकावर एका नऊ वर्षांच्या मुलीचे बूट अर्धवट पडले होते. तिचा डावा पाय दोन बोटे आखूड. जुना बूट लहान झाला होता आणि तो घालून चालले की तिच्या बोटांना फोड येत. ती आईबरोबर आली आणि काकूंना हळूच म्हणाली, "काकू, शाळा उघडेपर्यंत होतील ना? नाहीतर आई म्हणते, यंदा घरीच बस."

"होतील," काकूंच्या तोंडून निघून गेले. शाळा उघडायला अठरा दिवस होते.

त्याच दुपारी काकूंनी मला फडक्यातून काढले. इतकी वर्षे लांबून पाहिले होते तसे त्यांनी रापी फिरवली. पण रापी माझ्या टोकांवर खरखरे आणि मध्ये अधांतरी जाई. धार लागायच्या ऐवजी गोल होत गेली. धार नाही म्हणून काकूंनी जोर वाढवला, आणि चामडे कापताना रापी सरकली ती थेट डाव्या तळहातात. मित्रांनो, बोथट सुरीच जास्त घात करते, कारण तिला जोर लावावा लागतो.

हाताला चिंधी बांधून काकू पडद्याआड गेल्या. "अहो, काय चुकतंय माझं?"

काका छताकडे बघत राहिले. "नाही जमायचं... तुला."

"एकदा दाखवलं असतंत, तर जमलं असतं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. काकांनी डोळे मिटून घेतले.

आठवडा असाच गेला. काकूंची नजर शिवणकामाची. टाके ओळीत आहेत का, ते बघायला त्या पोलादी पट्टी लावून उजेडासमोर धरत. एका दुपारी वैतागून त्यांनी तीच पट्टी माझ्या अंगावर उभी टेकवली आणि मला खिडकीशी नेले. पट्टीखालून उजेड आला. मध्ये नख शिरेल एवढी फट होती.

"हा तर खोलगट झालाय," काकू पुटपुटल्या. मला लपायला जागा नव्हती.

त्यांनी मागच्या दारातल्या फरशीवर वाळू आणि पाणी टाकले, मला पालथे घातले आणि घासायला सुरुवात केली. फार दुखले. काकांचा बत्तीस वर्षांचा हात माझ्या अंगावरून गढूळ पाण्यात वाहून जात होता. आवाज खाटेपर्यंत पोचला.

"काय... करतेस?"

"दगड सपाट करते."

"माझा... आहे तो."

काकू थांबल्या. मीही मनात म्हणालो, राहू द्या. पण तळहातावरची चिंधी त्यांच्या डोळ्यांसमोरच होती. "ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा घासू लागल्या. काकांनी भिंतीकडे तोंड केले. दोन दिवस ते काकूंच्या हातून जेवले नाहीत; शेजारच्या वहिनी येऊन भरवून गेल्या.

तिसऱ्या दिवशी काकूंनी माझ्या नव्या, कोऱ्या पोटावर रापी ठेवली. जोर नाही, घाई नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा पहिल्यापासून. घरात दुसरा आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने पडद्यामागून शब्द आले.

"आता... उलटी."

काकू थबकल्या. "काय म्हणालात?"

"आवाज... बदलला. रापी... उलटी कर."

काकूंनी पात्याच्या मागून अंगठा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुसळासारखी बारीक कड लागली. एक बाजू झाल्याची ती खूण. काका ती कानाने ओळखत. म्हणून घरात कोणी बोलायचे नसे! काकूंना ते तेव्हा कळले. त्यांना रागही आला आणि रडूही आले. मग त्यांनी रापी उलटी केली.

दुसरी बाजू झाली, चामड्याच्या पट्ट्यावर पाते पुसून झाले, आणि काकूंनी चामड्याची कड तासायला घेतली. रापी न अडता गेली. पातळ साल वळत वळत बाकावर पडली. काकूंनी ती उजेडासमोर धरली, तर तिच्यातून खिडकीचे गज दिसत होते. त्यांनी रद्दी चामड्याची आणखी एक साल काढली, गरज नसताना. मग आणखी एक. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे खाली आले होते.

बूट शाळेच्या आदल्या दिवशी झाले. मुलगी दारापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालून परत आली आणि म्हणाली, "चावत नाहीत."

ती गेल्यावर काकांनी डावा हात पुढे केला. "दगड... दे."

काकूंनी मला त्यांच्या हातात दिले. काकांचा अंगठा माझ्या पोटावरून फिरला, परत फिरला, काहीतरी शोधत राहिला.

"माझा खड्डा... कुठंय?"

"नाही राहिला," काकू म्हणाल्या. "माझा पडेल हळूहळू."

"नको," काका म्हणाले. "तुझा... पडू देऊ नको."

मित्रांनो, दगड झिजायचाच. पण त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झिजवा, म्हणजे तो कुणाच्याही हाताला उपयोगी पडेल. आणि तुमच्या हातात एखादे कसब असेल, तर हात चालतो आहे तोवर ते शेजारी बसलेल्या माणसाला दाखवा. काकांना आता काकूंना पुष्कळ काही दाखवायचे आहे. रोज सकाळी ते खाटेवरून कान देऊन ऐकतात, ओठ हलवतात, पण बाकीचे शब्द ओढून काढेपर्यंत रापी पुढे गेलेली असते; वेळेवर निघतो तो एकच, "उलटी".