थोरल्या सिस्टरांचा फोन

थोरल्या सिस्टर निवृत्त होऊन नऊ दिवस झाले, तरी वॉर्डात पेशंटने बेल दाबली की येणारा फोन अधूनमधून त्यांच्याच घरी वाजायचा. मग त्या वॉर्डात फोन लावून सांगायच्या, “अगं, चार नंबरची खाट बोलावतेय, जा.” दहाव्या दिवशी त्यांनी बेलचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीला थेट गाठलं.

“मला यादीतून काढलंय की नाही, एकदाचं सांग.”

“काढलंय हो. तीनदा काढलंय.”

“मग आत्ता मी भांडी घासताना कोण बोलावत होतं?”

तिच्या साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं: “मशीन बंद करून चालू कर.” ते तिने दोनदा केलं होतं. मशीन उठायचं आणि ज्या नर्सना पाळीपाळीने बेलचा फोन जायचा त्यांची तीच यादी पुन्हा उचलायचं. फोन कंपनीशी भांडून झालं होतं, सिस्टरांना फोन बदलायला सांगून बोलणीही खाऊन झाली होती. वॉर्डात आता सहा नर्स, म्हणून ती यादीतली सहाच नावं छापायची आणि सहाही बरोबर यायची.

डोकं पिकलं तेव्हा तिने चिडूनच यादीतली वीस नावं छापली. सातवं नाव थोरल्या सिस्टरांचं निघालं.

तिने एकेक नोंद उघडून पाहिली. यादी गोल होती: प्रत्येक नर्सच्या नोंदीत फक्त पुढचीचा पत्ता, आणि शेवटचीकडे पहिलीचा. पहिल्या होत्या थोरल्या सिस्टर. त्यांना काढताना तिने सुरुवात दुसरीपासून धरली, पण शेवटचीकडचा पत्ता बदलायचा राहून गेला. प्रत्येक फेरी त्यांच्या दारावरून जात होती. काखेत कळसा, आणि दहा दिवस ती गावाला वळसा घालत होती. स्वतःचाच राग आला.

एक ओळ बदलून तिने सिस्टरांना फोन लावला.

“झालं.”

“तपासलंस?”

“तुम्ही तुमचा तो फोन हातात धरून बसा.”

ती वॉर्डात गेली आणि रिकाम्या खाटेची बेल दाबत राहिली. एकेक करून सहाही जणींचे फोन वाजले, मग पुन्हा पहिलीचा. तिने आणखी दोन फेऱ्या केल्या. ड्यूटीवरच्या नर्स वैतागून बघत होत्या. मग तिने सिस्टरांना फोन लावला.

“वाजला का हो?”

“नाही. आणि हे नऊ दिवस आधी का नाही केलंस?”

सिस्टरांनी फोन ठेवला.

संध्याकाळी साहेबांना पाठवायच्या अहवालात एकच ओळ होती: किरकोळ दुरुस्ती. तिने ‘किरकोळ’ खोडलं आणि ‘माझी चूक’ असं लिहून पाठवून दिलं.