एका इंचात बहात्तर ठिपके

पूर्वजांच्या थडग्यांवर जायचा छिंग-मिंगचा सण तोंडावर आला की हुंग-होममधल्या आमच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. मेलेल्यांना कसली घाई, घाई असते ती नातेवाइकांना. वर्षभर ज्यांना आईबाप आठवत नाहीत त्यांनाही सणाच्या आधी थडग्यावर चिनी मातीच्या चकतीचा फोटो बसवून हवा असतो, आणि तोही अगदी स्वच्छ. फोटो कॉम्प्युटरवर साफ करायचं काम माझं, तो चकतीवर उतरवून भट्टीत भाजायचं काम माझे उस्ताद मोक सिफू यांचं. ते सत्त्याहत्तरचे, मी एकोणपन्नासची. तिसरं कुणी नाही.

त्या सोमवारी सकाळी माझ्यासमोर एका अस्थिगृहाच्या वेबसाइटचे चाळीस फोटो होते. परदेशातली मुलं हल्ली पडद्यावरच उदबत्ती लावतात, त्यांच्यासाठी. आता फोटोच्या फाइलीत एक आकडा लिहिलेला असतो, एका इंचात किती ठिपके छापायचे याचा. नुसता आकडा बदलला तर चित्राला काहीच होत नाही, फक्त छापणाऱ्या मशीनला कळतं की केवढं छापायचं. पण आकड्याखालच्या चौकटीत खूण असली, तर ठिपकेच फेकून दिले जातात आणि फाइल हलकी होते. वेबसाइटला हलक्याच फायली लागतात. तेच ते चाळीस वेळा कोण करत बसणार, म्हणून मी सगळं एका बटणावर बसवलं होतं. एफ-पाच दाबलं की आकडा बहात्तर, जास्तीचे ठिपके बाद, फाइल सेव्ह, खिडकी बंद.

सव्विसावा फोटो चालू असताना फू बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, नीटनेटक्या, सारख्या रुमाल घड्या करणाऱ्या. त्या चार वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. इतकी वर्षं आईच्या अस्थी डोंगरावरच्या घड्यात होत्या, त्या आता गुरुवारी अकरा वाजता शहरातल्या अस्थिगृहात हलवायच्या होत्या. पंचांग पाहून काढलेली वेळ, ती हलणार नव्हती. तिथल्या कोनाड्यावर आईला पहिल्यांदाच फोटो मिळणार होता. त्यांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. आत एकच फाइल होती, इंचभर रुंदीच्या ओळखपत्राच्या फोटोची. इंचाला बाराशे ठिपके घेऊन कुणीतरी मन लावून स्कॅन केलेली.

मला तो फोटो तीन इंच छापायचा होता. बाराशेच्या जागी चारशे लिहायचे, चौकटीतली खूण काढायची, सेव्ह करायचं. दहा सेकंदांचं काम. सिफूंचा नियम आहे की गिऱ्हाइकाची फाइल आधी आपल्याकडे उतरवून घ्यायची, मूळ फाइलीला हात लावायचा नाही. वीस वर्षं मी तो पाळला. त्या दिवशी म्हटलं, नुसती बघते तर आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक चरा होता, कॉलरवर बुरशीचे डाग. मी ते मोजले, किती वेळ लागेल याचा अंदाज बांधला, आणि माझ्या शहाण्या बोटाने एफ-पाच दाबलं.

खिडकी मिटली.

फाइल पुन्हा उघडली. बाराशे ठिपक्यांच्या जागी बहात्तर. पडद्यावर नखाएवढी बाई, आणि मोठी केली की नुसते करडे चौकोन. डोळे म्हणजे दोन काळपट चौकोन, तोंड म्हणजे एक आडवी पट्टी. हरवलेल्या फायली परत आणणारं सॉफ्टवेअर दोनदा चालवलं, दोन्ही वेळा तीच नखाएवढी बाई परत आली. मग खोटं बोलायचं ठरवून फू बाईंना फोन लावला. विचारलं, हाच फोटो आणखी थोडा स्पष्ट असा कुठे मिळेल का?

"नाही हो," त्या म्हणाल्या. "मावशीच्या अल्बममध्ये होता. मावशी गेल्यावर तिच्या कपड्यांबरोबर अल्बमही जाळला आम्ही. तिला तिकडे लागेल म्हणून. आत आईचा फोटो आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. नशीब, मावसभावाने आधी हे स्कॅन करून ठेवलं होतं, एवढी एकच प्रत. का, काही बिघडलं का?"

मी म्हणाले, छे, सहज विचारलं.

सोमवार दुपार आणि मंगळवार मी त्या करड्या चौकोनांसमोर बसले. हे काम करणाऱ्यांचा एक दोष आहे, आम्ही चेहरा बघतच नाही, डाग बघतो. तो चरा मला अजून जशाच्या तसा काढता आला असता. पण त्या बाईच्या भुवया दाट होत्या की विरळ, ते आठवेना. जबडा, केस, कॉलर चौकोनांवरून कशीबशी जुळवली. तोंडही बरं जमलं. डोळे जमेनात. दर वेळी वेगळीच बाई समोर बसायची. शेवटी मंगळवारी चार वाजता, बुधवारची भट्टी चुकू नये म्हणून, मी माझ्या आईचा तरुणपणचा फोटो उघडला आणि तिचे डोळे घेतले. वरच्या पापणीवर स्पष्ट घडी असलेले, जरा थकलेले. ते इतके छान बसले की मी पडद्यावरून नजर काढली.

बुधवारी सकाळी सिफूंना सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, तिला आई आठवते का? मी म्हणाले, चार वर्षांची होती.

"मग गप्प राहा, आ-लिन. ब्रशने रंगवायचो तेव्हा मीही काही चेहरे अंदाजाने पुरे केलेत. आजवर एकही गिऱ्हाईक परत आलं नाही. खरं सांगून तिला काय देणार आहेस तू? बहात्तर ठिपके?"

मी चारशे लिहिले, खूण काढली, दोनदा तपासून पाहिलं, नवीन नावाने सेव्ह केलं. संध्याकाळी चकती भट्टीतून निघाली. इतकी सुंदर चकती आमच्याकडे त्या वर्षात झाली नव्हती.

गुरुवारी साडेनऊला फू बाई आल्या. पांढरा ब्लाउज, हातात संत्र्यांची पिशवी, बाहेर टॅक्सी थांबवलेली. मी चकती मऊ कागदातून काढून त्यांच्या हातात दिली आणि काउंटरची कडा घट्ट धरून उभी राहिले. सिफू मुद्दामच भट्टीकडे वळले.

फू बाईंनी चकती उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या की हा फोटो त्यांनी फक्त इंचभरच पाहिला होता, मावशीच्या घरी, तोही लांबून. घरात कॉम्प्युटर नाही, त्यामुळे मोठा करून कधी बघितलाच नाही. किती तरुण होती आई, म्हणाल्या. त्यांच्या मुलीहूनही तरुण. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

चकती कागदात गुंडाळता गुंडाळता त्या थांबल्या. आमच्या काचेच्या कपाटात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता. त्यांनी एका बोटाने आपली पापणी चाचपली. ती सपाट होती, तिच्यावर घडी नव्हती.

"गंमत बघा," त्या म्हणाल्या. "लहानपणी मी आईसाठी रडले की मावशी मला आरशासमोर उभी करायची. म्हणायची, बघ, डोळे तुझ्या आईचेच आहेत, बघावंसं वाटलं की इथे बघत जा. मी अजून बघते. रोज, दात घासताना." त्या हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. "उगीच समजूत घालायची म्हणजे. बिचारी. साठ वर्षं मी भलत्याच कुणाच्या तरी डोळ्यांत बघत होते."

त्यांनी कागदाची शेवटची घडी घातली आणि चकती पिशवीत संत्र्यांवर ठेवली. बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. भट्टीच्या दाराशी सिफू माझ्याकडे बघत होते आणि त्यांची मान नकारार्थी हलत होती.

"फू बाई," मी म्हणाले, "मावशी खरं बोलत होत्या. चकतीवरचे डोळे माझ्या आईचे आहेत."