गायरानाला कुंपण

गायरान सौरप्रकल्पाला द्यायचा ठराव ग्रामसभेत आला, तेव्हा पहिला हात गुंडा मेंढपाळानं वर केला. सगळे त्याच्याकडं बघतच राहिले. आटपाडी तालुक्यातल्या त्या गावात गायरानावर सगळ्यांत जास्त मेंढरं त्याचीच चरायची.

पण गुंडाच्या डोळ्यांपुढं पुतण्या होता, धाकट्या भावाचा, जोतीरामचा जयराज. शेतीची लाईट रात्रीच यायची. डाळिंबाला पाणी सोडायला गेला आणि अंधारात त्याला घोणस चावली. मिरजेच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच पोरगं गेलं. प्रकल्प झाला की लाईट दिवसा मिळणार होती.

"आवं, मग मेंढरं कुठं चारायची?" घरी आल्यावर बायकोनं, लीलाबाईनं विचारलं.

"बघू की. रान काय येकच हाय व्हय?"

कुंपण पडलं. आत प्लेटांच्या रांगा उभ्या राहिल्या. लाईट खरंच दिवसा येऊ लागली. जोतीराम उन्हात उभा राहून बागेला पाणी पाजायचा. एकदा भावाच्या दारात येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, ह्येच जरा आदी झालं असतं तर..." गुंडानं त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

गुंडा मात्र कळप घेऊन लांब लांब जाऊ लागला. वडूजच्या माळापर्यंत गेला. लोकांच्या बांधावरनं शिव्या खाल्ल्या. गुडघे बोलायला लागले. तशात एका संध्याकाळी हमरस्ता ओलांडताना भरधाव डंपर कळपात घुसला. गाभण मेंढ्या होत्या. लीलाबाईनं आणि त्यानं मेलेली जनावरं ओढून कडेला घेतली.

उरलेली त्यानं आटपाडीच्या बाजारात विकली. टेंपोत चढताना मेंढरं बिथरली, म्हणून त्यानं सवयीनं हाळी दिली. सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडं पाहिलं आणि ती गपगुमान चढली.

पावसाळ्यात प्लेटांखाली कमरेएवढं गवत माजलं. प्रकल्पावर संयोगिता नावाची साताऱ्याची इंजिनिअर होती. लीलाबाईकडं चहाला यायची. मेंढरांना आत सोडावं, म्हणून ती पहिल्यापासून वरच्या साहेबांच्या मागं लागली होती. मधे ती ट्रेनिंगला बाहेरगावी गेली होती. परत आली ती थेट गुंडाच्या दारात.

"मामा, परवानगी मिळाली! उद्यापासून मेंढरं आत सोडा."

लीलाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग संयोगिताला मेंढरांचं रिकामं वाडगं दिसलं. ती ओट्यावर बसली.

"दुसरी घ्या ना मामा. मी बोलते साहेबांशी."

"न्हाई ताई. गेली त्यांच्या आया, आज्या माझ्या हातावर वाढल्या. नवी घिऊन त्यास्नी हाक कवा शिकवू? तुमी दुसऱ्या कुणाला बोलवा. गवत वाया जाऊ देऊ नका."

आठवड्यानं शेजारच्या गावचा कळप गायरानात शिरला. कोकरांचा आवाज घरापर्यंत येत होता.

"जरा बघून या की," लीलाबाई म्हणाली.

गुंडा उठला, दारापर्यंत गेला. थोडा वेळ ऐकत उभा राहिला. मग दार ओढून घेऊन आत आला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.