चार खोल्या, दोन माणसं

मी एक जुना चित्रफळा आहे. पाईनच्या पाच पट्ट्या जोडून सुताराने मला घडवलं. ओल लागली की लाकूड फुगतं, म्हणून त्याने पाठीच्या आधारात स्क्रूंसाठी लांबट भोकं ठेवली. त्यामुळे, मित्रांनो, इंग्लंडातल्या इप्सविचच्या दमट हवेतही मी सपाट राहिलो.

माझा मालक एडगर प्रिंगल वर्तमानपत्रात राजकीय व्यंगचित्रं काढायचा. १९३८चा डिसेंबर होता. जर्मनी-ऑस्ट्रियातली ज्यू मुलं आईबापांना मागे ठेवून बोटीने येत होती. घर मिळेपर्यंत ती समुद्रकाठच्या सुट्टीच्या छावणीत राहत. खोल्या उन्हाळ्यासाठी बांधलेल्या. सकाळी तांब्यातलं पाणी गोठलेलं असे.

एडगरने चित्र काढलं : दारात आडवा उभा ढेरपोट्या गृहस्थ, पायरीवर गळ्यात क्रमांक अडकवलेल्या दोन मुली. खाली ओळ, ‘चार खोल्या, दोन माणसं, आणि म्हणे जागा नाही!’ नमुना म्हणून त्याने आमचंच दार वापरलं, माशाच्या आकाराच्या पितळी कडीसकट.

चित्र छापून आलं. दूधवाला म्हणाला, “प्रिंगलसाहेब, कडी फक्कड जमलीय! पोटही तुमचंच का?”

एडगरच्या बायकोने, मेबलने, हे ऐकलं. “एडगर, आपल्या खोल्या किती?”

“चार.”

“आणि माणसं?”

एडगरचे कान लाल झाले. मेबलने त्याच दिवशी निर्वासित समितीला पत्र टाकलं.

शनिवारी समितीच्या मिस ऑलक्रॉफ्ट आठ वर्षांच्या त्रूडेला घेऊन आल्या. माझ्यावर ते चित्र टाचलेलं होतं. त्रूडेने पहिल्या मुलीवर बोट ठेवलं. “एक. मी.” मग दुसरीवर. “दोन. एल्फी.”

“एल्फी तिची धाकटी बहीण,” मिस ऑलक्रॉफ्ट हळूच म्हणाल्या. “सोमवारी स्कॉटलंडला जाईल. तुम्ही एकीचंच लिहिलं होतंत.”

त्रूडे कोट काढेना.

“दुसरी खोली म्हणजे माझी कामाची…” एडगर पुटपुटला.

“स्वयंपाकघरात काढ की चित्रं! बटाटे सोलता सोलता तुझ्यावर लक्षही राहील माझं.”

एडगरने चित्राकडे पाहिलं आणि टोपी उचलली. “मिस ऑलक्रॉफ्ट, छावणीकडे पुढची गाडी कितीची?”

संध्याकाळी एल्फी आली. दोघींनी मिळून अख्खा पाव फस्त केला, आणि तेव्हा कुठे त्रूडेचा कोट खुंटीवर गेला. मी स्वयंपाकघरात आलो; एल्फीने माझ्यावर जॅम सांडला. तो डाग मी मिरवतो.

“समोरच्या कर्नलसाहेबांकडे सहा खोल्या आहेत म्हणे,” मेबल सहज बोलली. एडगरने पेन्सिलीला टोक काढलं.

शुक्रवारी कर्नलसाहेब पेपर फडकवत आले. “हे माझं दार आहे!”

“हो ना,” मेबल म्हणाली. “किती मुली पाठवू?”

छावणीतल्या आणखी दोघी कर्नलसाहेबांकडे राहायला गेल्या.

एडगर गेल्यावर मी वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होतो. आता त्रूडेच्या नातवंडांनी मला खाली काढलंय. मित्रांनो, असा एखादा फळा तुमच्याही घरी असेल. त्याला उन्हात टाकू नका, ओल्या फडक्याने घासू नका. कोरडा पुसा आणि खिडकीपाशी ठेवा. दारं अजून पुष्कळ काढायची आहेत.