भिकाजीची पॅकेजं

“काल घातलंय मां मिया? चारय पॅकेजां! मगे आज खंय गेली ती?”

भिकाजीने फोन खांद्याने कानाशी दाबला आणि दोन्ही हात स्क्रीनसमोर पसरले. मॉड्यूल सापडत नाही, असं समोरची लाल अक्षरं सांगत होती. काल हेच, परवाही हेच. डिचोलीजवळच्या खाणीवर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला हा संगणक रोज नव्याने परका करत होता.

फोनवर मुरगावच्या ऑफिसातली सेजल होती. पेडण्याची मुलगी, कामाला लागून चार महिने झालेली, पण कधी चिडत नसे. “काका, पयल्या चौकोनात इन्स्टॉलची ओळ असा मां? ती चालवा. बारा मिनटां लागतली.”

“आज सकाळी आठाक परत दिली मां बारा मिनटां? ती काय पाण्यात गेली?”

खनिजात लोखंड किती, ओलावा किती, हे भिकाजी वहीत काढायचा तेव्हा त्याच्याबद्दल एक तक्रार आली नव्हती. मग हेड ऑफिसने नोटबुक आणलं. नावाचं नोटबुक, कागद औषधालासुद्धा नाही. ब्राउझरमध्ये उघडायचं, आकडे भरायचे, बटण दाबायचं की अहवाल तयार. सांगायला किती सोपं! आधी चार पॅकेजं, म्हणजे नोटबुकाला लागणारी जोड-सॉफ्टवेअरं, घालायची. त्यातलं एक इतकं जुनं की ते बसता बसत नसे. बसलं की ‘रीस्टार्ट करा’ असा हुकूम यायचा, आणि रीस्टार्ट केलं की भरलेले आकडे साफ. भरा पुन्हा!

साडेबाराच्या आत अहवाल पोचला नाही तर खनिज घेऊन मुरगावला जाणारी बार्ज नदीच्या धक्क्यावर अडकून पडे. या महिन्यात दोनदा तसं झालं होतं. तिसऱ्यांदा झालं तर हे काम मुरगावला जाईल आणि भिकाजी गेटवर, ट्रकांचे नंबर लिहायला, असं मॅनेजर गोकुळदासांनी सर्वांदेखत बजावलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना गेटवर! नुसत्या विचाराने भिकाजीच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

आता अकरा पंचावन्न झाले होते. त्याने ओळ चालवली. स्क्रीनवर अक्षरं धावू लागली.

“काका, एक विचारू?” सेजल म्हणाली. “आठाक इन्स्टॉल केलात, तेवा चल्लां. मगे मदी काय केलात?”

“काय करतलंय? नमुने आणूक भायर गेलंय. जाताना बंद केलंय.”

“म्हंजे टॅब बंद केलात?”

“टॅब कसली? मेनूत असा तां, जोडणी तोडा आणि सगळां पुसा. नीट बंद केलंय.” यात थोडी ऐटही होती. ते बटण त्याला कुणी दाखवलं नव्हतं, त्याने स्वतः शोधलं होतं.

सेजलला हसू आवरेना. “अवो काका! तो संगणक हयसर नाय, खंयतरी लांब असा. वापरासाठी घेतललो. तुमी पुसलात की पॅकेजांसकट जाता. रोज तुमीच काढून टाकतास ती! बंद करू नकात. चालू ठेवन जावा.”

“चालू ठेवन?”

त्याचा आवाज इतका खाली गेला की सेजलला वाटलं फोन कटला.

“माका जमाचां नाय तां,” भिकाजी म्हणाला. “मी आदी पट्ट्यावर होतंय. खनिज वर नेणारो पट्टो. एकदा चालू ठेवन चायक गेलंय. पाच मिनटां, जास्त नाय. बाबली, माझो जोडीदार, पट्ट्यातलो दगड काडूक वाकलो. हात गेलो त्याचो, खांद्यापासून.” त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. “चाय अर्धी टाकून धावलंय गो. उपेग काय?”

सेजलचं हसणं कुठल्या कुठे गेलं. मग तिने हळूच विचारलं, “झाली काय इन्स्टॉल?”

झाली होती. रीस्टार्टही झालं. सेजल नमुन्यांचे आकडे एकेक करून म्हणवून घेत राहिली आणि भिकाजी एका बोटाने टिपत राहिला. बारा सव्वीसला अहवाल गेला.

“पोचलो!” सेजल ओरडली. “काका, दोनाच्या नमुन्यांक हाच संगणक चालू लागतलो. मदीमदी माउस हलवूक होयो, नायतर आपसून बंद पडता. पण जेवणाएवढो वेळ तग धरतलो. तुमी जावा जेवूक.”

जेवणाचा भोंगा झाला. शेजारच्या टेबलावरचा सागर डबा घेऊन उभा राहिला. “चला भिकाजीकाका, कॅन्टीनीत. आज सुटलास मां एकदाचे!”

“तू जा. मशीन चालू असा.”

“काका,” फोनमधून सेजल म्हणाली, “तो पट्टो नाय. संगणक असा. कोणाचो हात जावचो नाय.”

“ठावक असा गो माका,” भिकाजी म्हणाला. त्याने कीबोर्ड जरा मागे सारला, स्क्रीनसमोरच डबा उघडला आणि डावा हात माउसवर ठेवून उजव्या हाताने जेवायला सुरुवात केली.